अग्निवीर की एसआरपीएफ? आधी नडगी पाहा

वय अठरा ते एकवीसच्या मधलं, बारावी झालेली आणि उंची १६८ सेंटीमीटरच्या वर असेल, तर सोलापूरच्या पोरापुढे दोन दारं उघडी असतात. एक सैन्यातल्या अग्निवीरचं, दुसरं राज्य राखीव पोलीस बलाचं, म्हणजे एसआरपीएफचं. पात्रता, कागदपत्रं, अर्जाच्या पायऱ्या मोबाईलवर दहा ठिकाणी सापडतात. त्या इथे उगाळत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. कोरा पोरगा आत गेल्यावर कोणती व्यवस्था त्याला नीट घडवते? आणि घडता घडता तो दुखावला, तर त्याचं काय होतं? यातला एकच अर्ज मी भरला. कोणता ते पुढे कळेलच, पण दुसऱ्या बाजूचं वजनही कमी नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

३१ आठवडे

अग्निपथ योजना, जिच्यात चार वर्षांसाठी अग्निवीर घेतात, १४ जून २०२२ ला जाहीर झाली, तेव्हापासून पारावर आणि चॅनेलवर एकच आक्षेप ऐकू येतो: सहा-सात महिन्यांत कुठे सैनिक तयार होतो का? पायदळाच्या अग्निवीराचं प्रशिक्षण ३१ आठवड्यांचं आहे. पहिले १० आठवडे मूलभूत (कवायत, शारीरिक, हत्यार उघडणं-जोडणं, फायरिंग, नकाशा) आणि पुढचे २१ प्रगत. सोलापूरचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत गेला तर बेळगावला, महार रेजिमेंटमध्ये गेला तर सागरला, तोफखान्यात गेला तर बहुधा नाशिक रोडला.

हा काळ कमी की पुरेसा, हे ठरवायला सक्तीची भरती असलेल्या देशांचं माप बरं पडतं. आपल्याकडे सक्ती नाही, पण कोऱ्या माणसाला किती दिवसांत उभं करता येतं हा हिशोब त्या देशांनी वर्षानुवर्षं केलाय. फिनलंडमध्ये सक्तीच्या सेवेचा सगळ्यात छोटा प्रकार १६५ दिवसांचा आहे, सगळ्यात लांब ३४७ दिवसांचा. स्वित्झर्लंडची रिक्रूट शाळा १८ आठवड्यांची. दक्षिण कोरियाच्या भूदलात सेवा १८ महिन्यांची, पण त्यातले मूलभूत प्रशिक्षणाचे फक्त पहिले काही आठवडे. उरलेलं सगळं युनिटमध्ये. आणि युद्धच अंगावर आलं की काय होतं तेही पाहा: २०२२ पासून ब्रिटनमध्ये युक्रेनच्या साध्या नागरिकांना सैनिक बनवायला घेतलं, तेव्हा त्यांना मिळत होते सुमारे ५ आठवडे.

३१ आठवडे म्हणजे २१७ दिवस. फिनलंडचा छोट्या मुदतीचा सैनिक सगळी सेवा उरकून घरी जातो त्याहून जास्त दिवस अग्निवीर नुसता शिकत असतो. म्हणजे 'घाईघाईत उरकलेलं प्रशिक्षण' हा आक्षेप मला तरी टिकताना दिसत नाही. दिवस पुरेसे आहेत.

फरक त्यानंतर पडतो. फिनलंडचा तो पोरगा घरी गेला तरी राखीव दलाच्या यादीत राहतो आणि उजळणीच्या सरावांना त्याला बोलावणं येतं. शिकवलेलं वाया जात नाही. आपल्याकडे चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. उरलेल्यांच्या हातात निधी आणि कौशल्याचं प्रमाणपत्र येतं, माजी सैनिकाचा दर्जा मात्र येत नाही. तिसऱ्या वर्षी कुठे हाताला हत्यार आणि डोळ्याला रान ओळखीचं होतं, आणि चौथ्या वर्षी पेटी बांधायची. हे देशाचं नुकसान की पोराचं, त्या वादात पडत नाही. आपल्याला अर्ज भरायचाय.

मैदान: १६०० की ५०००

अग्निवीरच्या मैदानावर १.६ किलोमीटर धाव. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर ६० पैकी ६०. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे एक फेरी साधारण ८२ सेकंदांत. पोरं इथेच चुकतात. घोळक्याच्या नादाने पहिली फेरी ७०-७२ सेकंदांत मारतात, तिसऱ्या फेरीत पाय शिशासारखे होतात आणि शेवट सहा मिनिटांवर जातो. पहिल्या दोन फेऱ्या ८३-८४ ला धरून शेवटची फेरी ओढली तर तेच पाय वेळेत पोचतात. मग बीमवर पुलअप्स. दहा काढले तर ४०, सहा काढले तर १६. झोका घेऊन काढलेला मोजत नाहीत; हात पूर्ण सरळ, हनुवटी दांडीच्या वर. नऊ फुटी खड्डा आणि तोल सांभाळत चालणं यांना गुण नाहीत, फक्त पास व्हायचं. त्याआधी ऑनलाइन लेखी असते, ती अलीकडे मराठीतूनही देता येते. सामान्य ड्यूटीला ५० प्रश्न, एक तास, आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा.

एसआरपीएफचं मैदान १०० गुणांचं: ५ किलोमीटर धावेला ५०, १०० मीटरला २५, गोळाफेकीला २५. गोळा ७.२६० किलोचा. आपल्याकडे गोळ्याकडे सगळे शेवटच्या महिन्यात वळतात आणि तिथेच गुण सांडतात. तळहातावर घेऊन फेकला की गोळा जातच नाही. तो बोटांच्या मुळांवर घ्यायचा, मानेला चिकटवायचा, कोपर उंच ठेवायचा, आणि जोर मागच्या पायातून कमरेमार्गे आणायचा. आठवड्याला तीन दिवस वीस-वीस फेकी केल्या तर तीन महिन्यांत फरक उघड दिसतो. मैदानात निम्मे गुण मिळाले तरच लेखीच्या यादीत येण्याची आशा. लेखी मराठीत, १०० गुणांची: गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, व्याकरण.

आता यातली गंमत. सैन्य दारात १६०० मीटर विचारतं, पण आत गेल्यावर मागतं ५ किलोमीटर. लढाऊ क्षमतेच्या चाचणीत, जिला फौजेत बीपीईटी म्हणतात, पाठीवर ओझं आणि हातात रायफल घेऊन ५ किलोमीटर पळायचं असतं. तिशीच्या आतल्याला २८ मिनिटांत पास आणि २५ मिनिटांत उत्कृष्ट. म्हणजे एसआरपीएफसाठी ५ किलोमीटरचा पाया घातलेला पोरगा बेळगावच्या मैदानावर कमी हालात राहतो, आणि नुसती १६०० ची चावी भरलेला पहिल्या दोन महिन्यांत लंगडायला लागतो. कारण छातीत नाही, पायात आहे.

नडगी

माझी निवड ज्या एका गोष्टीने ठरली ती ही. वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल.

नवख्या सैनिकाला सगळ्यात जास्त छळते ती नडगी. हे दुखणं जुनं आहे. लांब चालीने सैनिकांचे पाय सुजतात याची नोंद एका प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच केली होती. पुढे एक्स-रे आला तेव्हा कळलं की पायाच्या हाडाला बारीक चीर जाते. कारण साधं आहे. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुनं हाड पोखरतं आणि मग नवं भरतं. पोखरायला दिवस पुरतात, भरायला आठवडे आणि महिने लागतात. त्यामुळे प्रशिक्षण सुरू झाल्यावर तिसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास हाड सगळ्यात कमकुवत असतं, आणि नेमकी तेव्हाच कवायत, बूट, ओझं आणि धाव यांची चढण लागते. स्नायू चार आठवड्यांत तयार होतो, दम सहा आठवड्यांत येतो. हाड मागे राहतं. म्हणून पोराला वाटतं 'आता जमायला लागलं', आणि त्याच आठवड्यात नडगी धरते.

सोलापूरच्या पोरांत हे जरा जास्तच दिसतं, निदान माझ्या पाहण्यात तरी. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर, म्हणून सराव पहाटे साडेचारला. त्या अंधारात काळ्या रानातून पळता येत नाही, म्हणून सगळे डांबरी रस्त्यावर, नाही तर सिमेंटच्या. बूट पाचशे-सातशेचे, टाच एका बाजूला झिजलेली. आणि भरतीची तारीख लागली की दोन महिन्यांत आठवड्याचे १५ किलोमीटर एकदम ५० वर. अशी नडगी घेऊन पोरगा ट्रेनिंग सेंटरला पोचतो, तिथे दुखणं लपवतो, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात बसतो.

ओळखायचं कसं? नडगीच्या आतल्या कडेने विती-दीड विती लांब दुखत असेल आणि गरम झाल्यावर कमी होत असेल, तर ते सहसा हाडावरच्या आवरणाचं दुखणं. दोन-तीन आठवडे धाव कमी केली की निवळतं. पण एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात बोट ठेवलं की जीव कळवळत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर चीर धरून चाला. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो. 'एक्स-रे नॉर्मल आहे, पळ' हा सल्ला इथेच घात करतो. एमआरआयमध्ये लवकर दिसतं. विश्रांती सहा ते आठ आठवडे, आणि परत पूर्ण धावेवर यायला साधारण तेवढेच आणखी.

आता हा काळ दोन्ही व्यवस्थांत मांडून बघा. बारा आठवडे गेले असं धरू. प्रशिक्षणात मागे पडलेल्याला मागच्या बॅचला टाकतात, हे सैन्यातही होतं आणि पोलिसांतही. एसआरपीएफमध्ये तुमची थोडी ज्येष्ठता जाते, सोबतचे पुढे जातात, मनाला लागतं. पण नोकरी ५८ व्या वर्षापर्यंतची. तीस-पस्तीस वर्षांत बारा आठवडे कुठे गेले ते आठवतही नाही. अग्निवीरची चार वर्षं म्हणजे २०८ आठवडे, आणि त्यातच प्रशिक्षण धरलेलं. त्यातले बारा गेले म्हणजे जवळपास सहा टक्के सेवा खाटेवर. शिवाय चार वर्षांच्या कामगिरीवर ती २५ टक्क्यांची चाळणी लागायची आहे. पहिल्याच वर्षी वैद्यकीय श्रेणी खाली गेलेला पोरगा त्या चाळणीत बरोबरीने उभा राहील का? राहीलही. मला खात्री वाटली नाही. त्याहून वाईट म्हणजे हे ठाऊक असल्यामुळे पोरं दुखणं लपवतात, आणि लपवलेली चीर पूर्ण फ्रॅक्चर होते.

दुखण्याला जागा नसलेली चार वर्षं, एवढंच मला खटकलं. बाकी सगळ्यात सैन्याचं पारडं जड असलं तरी हे मनातून गेलं नाही.

पहिलं वर्ष कामावर

इथे मात्र सैन्याला झुकतं माप द्यावं लागेल. ट्रेनिंग सेंटरमधून निघालेला अग्निवीर दहा जणांच्या सेक्शनमध्ये जातो, तिथे बरेच जण जुने. नायक, हवालदार त्याला हाताशी धरून शिकवतात: रात्री सेंट्रीला कुठे नजर ठेवायची, पाणी कसं पुरवायचं, बर्फात मोजे कधी बदलायचे. ३१ आठवड्यांत न आलेलं असं सेक्शनमध्ये येतं. फायरिंग आणि चाचण्या वरचेवर होत असल्याने अंगातली धार राहते.

एसआरपीएफचा नवा जवान प्रशिक्षण संपवून कंपनीत येतो (या बलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र दौंडजवळ नानवीजला आहे), तेव्हा त्याच्यापुढे शत्रू नसतो, गर्दी असते. हे काम सोपं समजू नका. शत्रूवर गोळी चालवायची असते, गर्दीवर बहुतेक वेळा काहीच चालवायचं नसतं. ढाल धरून तीन तास शिव्या खात उभं राहायचं असतं. नवखा इथे दोन चुका करतो: रांग सोडून एकटा पुढे जातो, किंवा आदेशाआधी लाठी उचलतो. दोन्हींनी रांग फुटते. ही शिस्त कवायतीने अंगात येते, पुस्तकाने नाही. त्या मानाने रायफलीचा सराव फौजेपेक्षा कमी मिळतो, हे मान्यच करायला हवं.

आणि 'सोलापूरला गट क्रमांक १० आहे, विजापूर रोडला सोरेगावला, घरून डबा येईल' या भ्रमात राहू नका. कंपनी वर्षाचा बराच काळ बाहेर असते. आषाढीला पंढरपूर, निवडणुकीला कुठलाही जिल्हा, गणपतीत मुंबई-पुणे, नक्षलग्रस्त भागाची पाळी आली की गडचिरोली. मुक्काम शाळेच्या खोल्यांत नाही तर मंगल कार्यालयात, चाळीस जणांत दोन संडास. गड्ड्याची जत्रा घराजवळ असून वर्दीतच पाहायची. घरात लहान मूल असेल तर बायकोचं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. अग्निवीरला वर्षाला ३० दिवस रजा ठरलेली. एसआरपीएफमध्ये कागदावर रजा जास्त, पण बंदोबस्त लागला की मंजूर रजाही मागे घेतात.

पैसा, थोडक्यात

अग्निवीर पहिल्या वर्षी ३०,००० वर, चौथ्या वर्षी ४०,००० वर. त्यातले ३० टक्के निधीत जातात, म्हणजे सुरुवातीला हातात २१,०००. सरकार तेवढीच भर घालतं आणि शेवटी व्याजासह साधारण ११.७१ लाख मिळतात, करमुक्त. महागाई भत्ता नाही, पेन्शन नाही. ४८ लाखांचा विमा आहे. एसआरपीएफमध्ये मूळ वेतन २१,७०० पासून, त्यावर महागाई भत्ता आणि इतर. जुनी पेन्शन तिथेही नाही, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आहे. बाविसाव्या वर्षी हातात अकरा लाख येणं वाईट नाही. पण सोलापुरात त्यातून बहिणीचं लग्न किंवा घराचा स्लॅब होतो, धंदा क्वचित उभा राहतो.

वयाचा हिशोब, जो कोणी नीट करत नाही

'आधी अग्निवीर होऊ, मग एसआरपीएफ बघू' हे ऐकायला छान. खुल्या प्रवर्गाला एसआरपीएफची वयोमर्यादा २५, मागास प्रवर्गाला ३०. अठराव्या वर्षी गेलात तर बाविसाव्या वर्षी बाहेर, हातात तीन वर्षं. एकवीसला गेलात तर पंचवीस, आणि खुल्या प्रवर्गाचं दार जवळपास बंद. शिवाय पोलीस भरती दरवर्षी निघेल असं समजून चालू नका. २०२२-२३ च्या रिक्त पदांची मैदानी चाचणी सुरू झाली ती १९ जून २०२४ ला, तीही ऐन पावसात. माजी सैनिकांची वयाची सवलत अग्निवीराला लागू धरली आहे का, ते प्रत्येक जाहिरातीच्या मूळ मजकुरात वाचा. अकादमीच्या भिंतीवर लिहिलेलं धरू नका. केंद्रीय दलांत माजी अग्निवीरांना १० टक्के आरक्षण २०२२ मध्येच जाहीर झालंय, तो रस्ता वेगळा आहे.

म्हणून ज्याचं वय साडेसतरा-अठरा आहे, बारावी व्हायची आहे आणि पाय निरोगी आहेत, त्याने अग्निवीरचा अर्ज आधी भरला तर मी अडवणार नाही. वीसच्या पुढे गेलेल्याला, खुल्या प्रवर्गातल्याला, किंवा एकदा नडगी धरून बसलेल्याला मी तरी सोरेगावचा रस्ता दाखवीन. मीही तोच धरला.

(नोकरी किंवा शेती सांभाळून वर्दी हवी असेल तर प्रादेशिक सेना हा तिसरा प्रकार आहे, कोल्हापूरला १०९ मराठा बटालियन आहे. पण ती पोटापाण्याची सोय समजून जाऊ नये.)

कुठलाही अर्ज भरा, हे आधी

वैद्यकीय चाचणी सरावाआधीच करून घ्या. सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, कानातला मळ, किडके दात, व्हेरिकोसील (अंडकोशातल्या शिरा फुगणं): यातलं बरंचसं वेळेत कळलं तर सुधारता येतं. सैन्यात गोंदणाचा नियम कडक आहे. छातीवर 'आई' गोंदवून घेतलेली कितीतरी पोरं परत आली आहेत.

धाव आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. दर चौथ्या आठवड्याला तिसरा हिस्सा कमी करा, हाड भरायला तेवढाच वेळ मिळतो. आठवड्यात दोनच दिवस वेगाचे, एक दिवस लांब आणि संथ, एक दिवस पूर्ण सुट्टी. डांबर सोडा. कालव्याच्या कडेची कच्ची वाट किंवा पार्क स्टेडियमचं मैदान धरा. उजेड होईपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल. बूट साधारण ६००-७०० किलोमीटरला बदला, वरून नवे दिसले तरी. पायरीवर उभं राहून पोटऱ्या उचलण्याचे २० चे तीन संच, आणि भिंतीला पाठ लावून पायाचे चवडे वर ओढण्याचे तेवढेच, एक दिवसाआड. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी चांगलीच, पण सोबत रोज दूध किंवा दही आणि अंडी-डाळ हवी.

झोप हा भाग सगळ्यात दुर्लक्षित. इस्रायलच्या लष्करात रिक्रूटना रोज किमान सहा तास झोप दिली आणि एकूण चाल कमी केली, तेव्हा असे फ्रॅक्चर निम्म्याहून खाली आले. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि साडेचारला मैदान, हे वर्षभर चालवलं तर कोणतंही ट्रेनिंग सेंटर तुम्हाला वाचवू शकणार नाही.

आणि बोलावणं आलं की निघण्याआधी निदान सहा आठवडे घोट्याच्या वर येणारे बूट घालून चालायला सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास, पळायचं नाही. दोन मोजे, आतला पातळ. टाचेला फोड आला तर फोडू नका, चिकटपट्टी लावा आणि दुसऱ्या दिवशी साध्या चपलेत राहा.